फॉरमॅट मारण्याआधी

“ताई, सीपीयू आणलाय. स्लो झालाय, मधेच बंद पण पडतो. फॉरमॅट मारून ठेवा, संध्याकाळी नेतो.”

चिपळूणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की, गिऱ्हाईक ‘स्लो’पर्यंत आलं की पुढचं मला पाठ असतं. (पूर्वी याच्याही आधी एक प्रश्न असायचा, “भाऊ नाहीयेत का?” तो आता कमी झालाय.) एका दमात सांगितलेल्या या गाऱ्हाण्यात दोन वेगळी दुखणी असतात. स्लो होणं हे एक, बंद पडणं हे दुसरं. दोन्हींचं मूळ कधी एकच निघतं, पण बहुतेकदा निघत नाही. आणि उपाय मात्र गिऱ्हाइकाने घरूनच ठरवून आणलेला असतो.

फॉरमॅटवर माझा राग आहे तो त्याने कधीकधी गुण येतो म्हणूनच. वर्षानुवर्षं साठलेला पसारा जातो, मशीन आठ-पंधरा दिवस पळतं, दुकानदाराचे पैसे सुटतात. पण हार्ड डिस्क मरायला टेकली असेल, रॅम खराब असेल किंवा वीजच नीट मिळत नसेल, तर महिन्याभरात तेच मशीन पुन्हा काउंटरवर. शिवाय विंडोज आपल्या मुक्कामात काय काय घडलं याची नोंद ठेवत असते. कुठल्या दिवशी किती वाजता मशीन बंद पडलं, कुठल्या ड्रायव्हरपाशी अडकलं, सगळं त्यात असतं. ती नोंद न वाचता फॉरमॅट मारणं म्हणजे चोरी झालेल्या घरात पंचनाम्याआधीच लादी पुसून काढणं.

म्हणून मी आधी विचारते. कधीपासून होतंय? त्याच्या आगेमागे नवीन काय आलं? प्रिंटर, अँटिव्हायरस, नातवाने टाकलेला गेम? टेबल हलवलं का? वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली होती का? आणि दिवसातून साधारण कुठल्या वेळी होतं? हा शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. त्याचं उत्तर किती कामाला येतं ते पुढे सांगते.

आधी स्लोचं बघू, कारण ते घरबसल्या कुणालाही तपासता येतं. मशीन स्लो आहे म्हणजे आत कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय. कोण कोणाची, ते दाखवणारी खिडकी विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. वरच्या बाजूला सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने आणि प्रत्येकाच्या नावावर टक्के. (इथला सीपीयू म्हणजे फक्त प्रोसेसर, अख्खा डबा नाही.) मशीन सुरू केल्या केल्या बघू नका, तेव्हा सगळ्यांचीच धावपळ असते. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि मशीन रडायला लागेल नेमकं तेव्हा बघा.

आठ-दहा वर्षं जुन्या घरगुती मशीनमध्ये बहुधा एकच चित्र दिसतं. प्रोसेसर पाच-दहा टक्क्यांवर, आणि डिस्क १०० वर. मालक म्हणतो, प्रोसेसर म्हातारा झाला, नवीन मशीन घ्यावं लागणार. प्रत्यक्षात प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला असतो. हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात, डेस्कटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ७२०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या. म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. माहिती हवी असेल त्या पट्ट्यावर हेड सरकायला साधारण नऊ-दहा मिलिसेकंद लागतात, वर ती जागा फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते. हिशोब केला तर एका सेकंदात डिस्क फार तर सत्तर-ऐंशी वेगवेगळ्या ठिकाणची माहिती उचलू शकते. विंडोजला सुरू होतानाच हजारो बारक्या फायली लागतात. त्यात अँटिव्हायरस आपली तपासणी काढतो, अपडेट आपलं काही उतरवून घेतं. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच. साधी स्वस्तातली एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो ठिकाणं वाचते. म्हणून जुनं मशीन बदलायला निघालेल्या माणसाला मी आधी डिस्क बदलायला सांगते. दुकानाचा धंदा थोडा बुडतो, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी बहिणीलाही घेऊन येतं.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात डिस्कवर क्लिक केलं की ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हा आकडा दिसतो. तो दहा-वीस मिलिसेकंद असेल तर डिस्क नुसती कामाने दमलेली आहे. तोच आकडा पाचशे, हजार, दोन हजार दाखवत असेल आणि वाचनाचा वेग मात्र नगण्य, तर डिस्क आजारी आहे. वाचता न येणारा तुकडा ती पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तेवढा वेळ अख्खं मशीन थिजतं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे स्वतःच ठेवते, त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते वाचून दाखवतं. निळ्यात ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळ्यात ‘कॉशन’ आलं तर बघायच्या ओळी दोन. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे खराब निघाले म्हणून राखीव जागेत हलवलेले तुकडे, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचाय असे.

पिवळं दिसलं की तपासण्या तिथेच थांबवा. चेकडिस्क नको, डीफ्रॅग नको, व्हायरस स्कॅन तर नकोच. हे सगळे उपाय मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवतात. आधी फोटो, कागदपत्रं, हिशेब, जे काही जीवाचं असेल ते दुसरीकडे उतरवून घ्या. आतून टकटक आवाज येत असेल तर तेवढंही करू नका, सरळ बटण बंद. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गावात शिरलं, त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या मशीनची रांग लागली होती. ज्यांनी वरवर वाळवून ‘चालतंय का बघू’ म्हणत बटण दाबलं, त्यांचं होतं नव्हतं तेही गेलं. ज्यांनी हातही लावला नाही, त्यांच्यातल्या काहींची माहिती पुढे डेटा रिकव्हरीवाल्यांनी काढून दिली.

डिस्कऐवजी मेमरीचा रकाना ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. चार जीबी रॅम, ब्राउझरच्या पंधरा टॅब उघड्या आणि मागे व्हॉट्सअ‍ॅप, हे गणित आता जमत नाही. रॅम संपली की विंडोज त्यातलं काही डिस्कवर ठेवते आणि लागेल तसं परत आणते. रॅममधून माहिती यायला लागतात साधारण शंभर नॅनोसेकंद, हार्ड डिस्कवरून दहा मिलिसेकंद. लाखपटीचा फरक. त्यामुळे रॅमचं दुखणं डिस्कच्या रकान्यातही दिसतं आणि माणूस फसतो. दोन्ही रकाने एकदम भरलेले असतील तर आधी टॅब बंद करून बघा, मग खर्चाचं बोला.

बाकीची कारणं किरकोळ. टास्क मॅनेजरच्याच ‘स्टार्टअप’ भागात, मशीनबरोबर आपोआप उठणारे कार्यक्रम बंद करता येतात. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, ते एकमेकांवरच पहारा करत बसतात. मशीन सुरू होताना ठीक आणि अर्ध्या तासाने रेंगाळत असेल तर झाकण उघडून पंखा बघा. प्रोसेसर तापून शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. आमच्याकडे पंख्याच्या पात्यांवर दमट धुळीचा थर बसतो, आणि डब्यात पालीची अंडी निघणं ही काही बातमी नाही. ब्रश, ब्लोअर आणि प्रोसेसरवर ताजी थर्मल पेस्ट, एवढ्याने काम भागतं. नेट चालू असून एकही साइट धड उघडत नसेल तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर संशय घ्यायला लागतो. सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो.

आता बंद पडण्याकडे येते. इथे ‘बंद पडतं’ एवढ्यावर भागत नाही. कसं बंद पडतं?

निळा पडदा येत असेल तर त्याला घाबरू नका, तो मदतच करत असतो. विंडोजच्या गाभ्यात असं काही बिघडलं की पुढे जाण्यात धोका आहे, तेव्हा ती जाणूनबुजून थांबते आणि जाताना एक कोड लिहून जाते. मोबाईलवर त्याचा फोटो काढा. मी आधी बघते ते कोड दर वेळी तोच आहे की बदलतोय. दर वेळी तोच, आणि सोबत एखाद्या ‘डॉट सिस’ फायलीचं नाव असेल, तर बहुधा तो ड्रायव्हर. काल मेमरी मॅनेजमेंट, आज आणखी काही, परवा तिसरंच, असं असेल तर माझा हात आधी रॅमकडे जातो. ड्रायव्हरसारखी गाभ्यात चालणारी सॉफ्टवेअर काय करू शकतात ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाईल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यातल्या एकाही मशीनचं हार्डवेअर बिघडलेलं नव्हतं.

रॅमची तपासणी सोपी आहे. मशीन बंद करून, वायर काढून, रॅमची पट्टी बाहेर काढायची आणि तिच्या सोनेरी दातांवरून साधं पांढरं खोडरबर फिरवायचं. कोकणातल्या हवेत त्या दातांवर काळपट थर धरतो. तेवढ्यानेच कितीतरी मशीन माझ्याकडून बिनपैशाची परत गेलीत. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवायचा. त्यात लाल ओळ एक आली काय आणि शंभर आल्या काय, निकाल एकच. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे गुन्हेगार कोण ते कळतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल, ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलून मशीन बरं झालं तर कशाने झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.

निळा पडदा नाही, सूचना नाही, लिहिता लिहिता टपकन अंधार आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू, हा प्रकार मला सगळ्यात आवडतो. इथे संशयित दोनच, उष्णता किंवा वीज. गेल्या वर्षी एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी गेले होते. गाव शहराबाहेर, घरामागे सुपारीची वाडी. सर घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत, जुन्या लिपी-सॉफ्टवेअरमध्ये, ज्याचं डोंगल (परवान्याची किल्ली) डब्याच्या मागे कायम खोचलेलं. मशीन सुरू व्हायला चहा पिऊन होईल इतका वेळ घ्यायचं आणि लिहिताना अधूनमधून रीस्टार्ट व्हायचं. त्याआधी कोणीतरी फॉरमॅट मारून गेलं होतं, फरक शून्य.

“सर, बंद साधारण कधी पडतं?”

“अगं, वेळकाळ काही नाही त्याला. त्याची लहर.”

मी स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. विंडोजमध्ये तो कित्येक वर्षं आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. एकेका दिवसाचा रकाना, आणि ज्या दिवशी काही बिघडलं त्या दिवशी तांबडी फुली. फुल्या बऱ्याच होत्या. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेले. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशा नोंदी, म्हणजे मशीन रीतसर बंद न होता गेलं. तपशिलात बगचेक कोड शून्य, म्हणजे निळा पडदाही आलेला नाही. विंडोजला लिहायलाच वेळ मिळाला नव्हता. पण शेजारीच ६००८ क्रमांकाची नोंद असते, तिच्यात गेल्या वेळी मशीन किती वाजता गेलं ते असतं. सहा दहा. सहा पाच. सहा वीस. सगळ्या संध्याकाळच्या.

“काकू, सहाच्या सुमाराला घरात काय चालू होतं?”

काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “घरात काय होणार? वाडीत शिंपण्याचा पंप लागतो.”

मोटर सुरू होताना, चालताना लागते त्याच्या पाच-सहापट वीज क्षणभर ओढते. तारा लांबून आलेल्या असल्या की तेवढ्यात घरातला दाब कोसळतो. आम्ही सहाची वाट बघितली. मी मल्टिमीटरचे पिन भिंतीवरच्या सॉकेटमध्ये धरून बसले. पंप लागला, ट्यूब मिचकली, आकडा २१० च्या आसपास होता तो १७० च्या घरात जाऊन वर आला, आणि सरांचा पडदा काळा. डब्यातला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, वीज तुटली तरी आतल्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आपल्या पुरवठ्याचं एक आवर्तनसुद्धा २० मिलिसेकंदांचं असतं.

“पण यूपीएस आहे ना?” सर म्हणाले. होता. टेबलाखाली, पेपरांच्या गठ्ठ्यामागे. दाब पडला की यूपीएस मशीनला बॅटरीवर घेतो, आणि ह्याची बॅटरी फुगून खोक्यात अडकून बसली होती. म्हणजे दर संध्याकाळी तो मशीनला मेलेल्या बॅटरीच्या हवाली करत होता. थेट भिंतीवर असतं तर कदाचित मशीनने तो झटका सोसलाही असता. बॅटरी गेली की यूपीएस ओरडतो, मग हा गप्प का? “ती पिपाणी होय? रात्रंदिवस वाजायची. भाच्याने वायर काढून दिली तिची,” काकू म्हणाल्या.

बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची नवी बॅटरी घातली, पिपाणी जोडून दिली, आणि रीस्टार्ट बंद झाले. या असल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांच्याच सोबती असतात, त्यामुळे यूपीएस ओरडला की त्याचं ऐकायचं.

दाब ठीक असून मशीन असंच टपकन जात असेल, तर एसएमपीएस उघडून आतले कॅपॅसिटर बघावे लागतात. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं, बिघडलेल्याचं फुगतं, कधी तपकिरी डाग ओघळतो. २००० सालानंतरची काही वर्षं जगभरच्या मदरबोर्डवर हे साथीसारखं झालं होतं, सदोष रसायन भरलेले कॅपॅसिटर बाजारात आल्यामुळे. आता मदरबोर्डवर कमी दिसतं, स्वस्त एसएमपीएसमध्ये अजून दिसतं. पण हे घरी करू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो.

आणखी एक संशयित आहे, तो डब्यात नसतो. “आपका कॉम्प्युटर स्लो हो गया है” म्हणून फोन येतो किंवा पडद्यावर लाल चौकट, घंटा आणि एक नंबर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरवर बोलणारा माणूस आधी तुमच्या मशीनचा ताबा घेणारं अ‍ॅप टाकायला लावतो, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून तांबड्या खुणा दाखवतो. अशा बारीकसारीक खुणा माझ्या नव्या लॅपटॉपमध्येही आहेत, तुमच्याही असतील. कुठली वाचायची आणि कुठली सोडायची हा प्रश्न असतो. वेग वाढवून देणाऱ्या ‘क्लीनर’ सॉफ्टवेअरची जातही तीच. ते स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

एवढं सगळं बघून झालं, डिस्क निरोगी, रॅम निरोगी, वीज ठीक, तरी विंडोज धड नाही, तर मग खुशाल फॉरमॅट मारा. व्हायरसने पोखरलेल्या किंवा चोरीच्या विंडोजवर चालणाऱ्या मशीनला दुसरा इलाजही नाही. फक्त तेव्हा तो विचारून केलेला उपाय असतो.

सरांचं मशीन स्लो का होतं ते सांगायचं राहिलं. त्याचं यूपीएसशी काही नातं नव्हतं, निदान मी छातीठोकपणे सांगू शकेन असं नाही. हार्ड डिस्क पिवळ्यात होती, पेंडिंग सेक्टरांचा आकडा वाढत चालला होता. कुलवृत्तांत आधी दोन पेनड्राइव्हवर उतरवला, एक सरांकडे, एक काकूंच्या कपाटात. मग डिस्कची नक्कल नव्या एसएसडीवर घेतली. नव्याने विंडोज टाकली नाही, कारण लिपी-सॉफ्टवेअरची मूळ सीडी कुणालाच सापडत नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पेपरात वाचलं, आता काय करायचं? त्यांचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, विंडोज ११ अधिकृतपणे मागते इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. म्हणजे रीतसर चढणार नाही. लिनक्स टाकलं तर मशीन आणखी पाच वर्षं जाईल, पण ते डोंगल तिथे चालणार नाही. मी सांगितलं, सर, लिहिण्यासाठी आहे तसंच वापरा, नेटची वायर काढून ठेवा, आणि बँकेचं काही त्यावर करू नका.

“बँक?” सर म्हणाले. “ती हिच्या मोबाईलवर असते. मला कुठे हात लावू देते ती!”